म्हातारीचं अ‍ॅव्हरेज

गाडी डिझेल पिते यात नवल काय? ती काय दूध पिणार? पण पिण्यालाही काही धरबंध असतो. ठमीची पिकअप लिटरला चौदा किलोमीटर द्यायची, तीसुद्धा पाठीवर कुंड्यांचा डोंगर घेऊन, कुरकुर न करता. घरात सगळे तिला 'म्हातारी' म्हणायचे. तर ही म्हातारी उन्हाळ्यात बारावर आली, मग अकरावर, आणि आता दहाच्या खाली घसरली होती. या वयात असली तहान बरी नव्हे.

ठमी म्हणजे कोणी लहान पोर नाही. चाळिशी ओलांडलेली, स्वतःची नर्सरी चालवणारी बाई. हे नाव बाबांनी ती पाळण्यात असताना ठेवलं ते चिकटलं ते चिकटलंच. ऑफिसांना झाडं भाड्यानं देणं हा तिचा धंदा. एसीत बसून पिवळी पडलेली झाडं उचलायची, नर्सरीत आणून ऊनपाणी दाखवायचं, आणि त्यांच्या जागी ताजी टवटवीत ठेवून यायचं. तिथं खुर्चीत बसून पिवळ्या पडलेल्या माणसांसाठी अशी काही सोय नाही, पण तो विषय वेगळा.

या फेऱ्यांना तिच्या शेजारच्या सीटवर रोज तिचे बाबा असत. बाबांना सगळं गाव 'मास्तर' म्हणे. मास्तर शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. शहरातले निम्मे टेम्पोवाले त्यांच्या हाताखालून गेलेले. ही म्हातारीच तेव्हा शिकवणीची गाडी होती, आणि त्या काळचा जास्तीचा ब्रेक मास्तरांच्या पायाशी अजून तसाच होता. शिकाऊ माणूस घाबरला की मास्तरांनी आपल्या बाजूनं गाडी थांबवायची, त्यासाठी तो. शाळेचा बोर्ड उतरला, गाडीवरचं नाव खरवडून काढलं, पण पेडल राहिलं. घराच्या उंबऱ्यासारखं. असतो, दिसत नाही.

मास्तरांचा एक मंत्र होता. गाडी चालू असताना मध्येच ते खेकसायचे, "पाय कुठंय तुझा?" शिकणाऱ्यानं खाली न बघता सांगायचं. क्लचवर, ब्रेकवर, जमिनीवर, जिथं असेल तिथं. खाली बघितलं की मांडीवर चापट. "पाय कुठंय ते पायाला कळलं पाहिजे. डोळे रस्त्यासाठी दिलेत देवानं." ठमीनं त्या चापट्या भरपूर खाल्ल्या होत्या. वशिला तिथं चालत नसे.

आई गेली आणि मास्तरांनी स्कूल बंद केलं. मग ते खिडकीत बसायला लागले. नुसते बसायचे. पेपर मांडीवर तसाच घडी केलेला. ठमीनं ते काही दिवस बघितलं, आणि एका सकाळी म्हणाली, "बाबा, मला मागे घेताना अंदाज येत नाही. चला जरा सोबत." साफ खोटं. तिच्यासारखी गाडी मागे घेणारं त्या शहरात कोणी नव्हतं. पण मास्तर उठले, चप्पल घातली आणि शेजारी येऊन बसले. तेव्हापासून त्या सीटवर त्यांचा जीव परत आला. रिसेप्शनवरच्या मुली त्यांना ओळखायला लागल्या, वॉचमनशी भांडणं जमली, आणि समोरच्या प्रत्येक गाडीवाल्याला काय येत नाही हे ते ठमीला दिवसभर सांगू लागले. घरी येऊन भाकरी दोन घास जास्त खाऊ लागले. ठमीला आणखी काय हवं होतं?

आणि नेमकं तिथंच पाचर बसत होती. ठमीचा नवरा माणूस सज्जन, पण एकदा डोक्यात काही शिरलं की निघत नाही असा. त्याच्या डोक्यात विजेवर चालणारी छोटी मालगाडी शिरली होती. सुटसुटीत, आवाज नाही, धूर नाही.

"आणि सीट?" ठमीनं विचारलं.

"सीट एकच. ड्रायव्हरची. बाकी सगळी जागा मालाला. म्हणून तर चांगली आहे."

"आणि बाबा?"

"अगं, बाबांनी आता घरी आराम करावा की. किती दिवस फिरवणार त्यांना?" मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "हे बघ, म्हातारी पूर्वीसारखी चालत असती तर मी अवाक्षर काढलं नसतं. या महिन्यात तिचं दुखणं सापडलं तर ठेव. नाहीतर देऊन टाकू."

आराम! माणसाला जिवंतपणी खुंटीला टांगायचं असलं की लोक त्याला आराम म्हणतात. ठमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नवऱ्याचं चूक नव्हतं. गाडी पीत होती हे खरंच होतं.

तिनं पदर खोचला. पिवळं पान दिसलं की आधी माती, मग पाणी, मग मूळ, असं बघत जायची तिला सवय. गाडीलाही तीच रीत लावली. टायरची हवा बघितली, बरोबर. एअर फिल्टर काढून झटकला. तो एवढा स्वच्छ होता की तीच ओशाळली. संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठ्यावर एक मुंगी होती, डिझेलचा थेंब नव्हता. मग मनात नको ते आलं, कोणी टाकीतून काढत तर नसेल? तिनं टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि चार दिवस सगळ्यांकडे चोरासारखं बघत हिंडली. अ‍ॅव्हरेज आणखी घसरलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस," मास्तर म्हणाले. "गाडी मिस्त्रीला दाखव."

मिस्त्री मास्तरांचाच जुना विद्यार्थी. 'पाय कुठंय' ला खाली बघून बघून मांडी लाल करून घेतलेला. गाड्या दुरुस्त करण्यात मात्र पक्का, आणि तोंडानं फटकळ. त्यानं नोजल तपासले, क्लच तपासला, सायलेन्सरला कान लावला. शेवटी मागची चाकं खोलली आणि आतले ब्रेक लायनर बाहेर काढून ठमीच्या नाकासमोर धरले.

"ताई, हे तुझ्यासमोर गेल्या वेळी नवे टाकले होते. पार झिजलेत बघ. मागचा लाल दिवासुद्धा दोनदा गेला, आठवतंय? गाडी ब्रेकसकट पळते आहे, म्हणून पिते."

"मग ब्रेक जाम असेल."

"जाम असता तर असं फिरलं असतं?" त्यानं जॅकवर उचललेलं चाक एका बोटानं ढकललं. ते गरगर फिरलं, थांबायचं नाव घेईना. "ब्रेक मोकळा आहे. म्हणजे कोणीतरी तो दाबतंय. आता गाडीत ब्रेक कोण दाबणार? जो चालवतो तो. ब्रेकवर पाय टेकवून चालवतेस तू."

असं म्हणण्यापेक्षा त्यानं ठमीच्या दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांची मुलगी, आणि ब्रेकवर पाय टेकवून?

"जिभेला हाड आहे का तुझ्या?" ती म्हणाली. "मी? बस गाडीत. आत्ताच्या आत्ता. बघ माझे पाय."

मास्तर गॅरेजच्या बाकावर चहा पीत बसले आणि मिस्त्री त्यांच्या जागी. ठमीनं माल भरलेली गाडी शहराबाहेरच्या रस्त्यावर लांबवर नेऊन आणली. मिस्त्री पूर्ण वेळ वाकून तिच्या पायांकडे बघत होता, त्यामुळे त्याला मळमळायला लागलं. टाकी जाताना काठोकाठ भरली होती, येताना परत भरली. हिशेब लावला तर चौदा! म्हातारी ठणठणीत.

"पाय बरोबर आहेत तुझे," मिस्त्रीनं कबूल केलं आणि डोकं खाजवलं. "मग आजार गेला कुठं?"

आजार दुसऱ्याच दिवशी परत आला. तोच रस्ता, तोच माल, तेच पाय, आणि गाडी पुन्हा जड. आता मात्र ठमीचा राग मागे पडला आणि तिला कुतूहल चावायला लागलं. आजारी गाडी मिस्त्रीसमोर बरी होते? दवाखान्याच्या दारात पोराचा ताप उतरावा तशी? ती प्रत्येक थांब्यावर उतरली की झाडांची झारी घेऊन मागच्या चाकाशी जायची आणि पाणी शिंपडायची. चर्र आवाज आला की ब्रेक घासून चाक तापलेलं. रोज चर्र. वॉचमनला वाटलं, बाई गाडीला पाणी घालून मोठी करते आहे.

मग मास्तरांना सर्दी झाली आणि ते एक दिवस घरी राहिले. ठमी एकटीच फिरली. सवयीनं तिनं झारी धरली. पाणी चाकावर पडलं आणि मुकाट्यानं खाली ओघळलं. दुसऱ्या थांब्यावर तेच. तिसऱ्यावर तिनं हात लावून बघितला. चाक गार.

घरी हे सांगितलं तर नवरा हसत सुटला. "म्हणजे बाबांच्या वजनानं? अगं, तुझी एक मोठी कुंडी त्यांच्यापेक्षा जड आहे!" मास्तरही नाक पुसत हसले. ठमीही हसली, पण अंथरुणावर पडली तरी ती झारी काही डोक्यातून जाईना.

मास्तर बरे झाले आणि पुन्हा शेजारी आले. त्या दिवशीची गोष्ट. एका ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ठमीनं गाडी मागे घेऊन पांढऱ्या भिंतीला लावली. गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि माल उतरवून घेणारा माणूस येईपर्यंत दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसली. मास्तर कोणा गाडीवाल्याच्या अकलेबद्दल बोलत होते. ठमीचं लक्ष सहज आरशात गेलं. मागची भिंत लाल दिसत होती.

ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लागतात. तिनं आपले पाय बघितले. ते सीटवर होते. मग तिनं हळूच मान वळवून शेजारी खाली बघितलं. मास्तरांची चप्पल जास्तीच्या ब्रेकवर ऐटीत विसावली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ठमीला असं हसू फुटलं की स्टिअरिंगवर कपाळ टेकवावं लागलं. गाडी वाचली, सीट वाचली, एक पेडल काढलं की संपलं! आणि इतके दिवस आपण मुंग्यांवर पहारा ठेवतोय!

"अहो बाबा, चोर तुम्हीच! पाय बघा कुठंय तुमचा!"

मास्तर तिच्याकडे वळेपर्यंत पाय हलला होता, भिंत पांढरी झाली होती, आणि त्यांचा चेहरा लालबुंद. "माझा पाय? पेडलवर? शुद्धीवर आहेस का, ठमे? उभ्या आयुष्यात मी विनाकारण ब्रेकवर पाय टेकवला नाही. सगळ्या शहराला शिकवलंय मी, आणि तू मला शिकवतेस?"

"अहो, मी डोळ्यांनी बघितला."

"डोळ्यांनी बघितला म्हणजे? पाय माझा आहे. मला कळणार नाही?" त्यांनी समोर बोट केलं. "चल मिस्त्रीकडे. होऊन जाऊ दे."

रस्ताभर ते गप्प होते, म्हणजे फारच रागावले होते. ठमी मात्र गाल आतून चावत हसू दाबत होती. गॅरेजमध्ये मिस्त्रीनं सगळं ऐकलं आणि त्याची कळी अशी खुलली की विचारू नका. किती वर्षांचं उट्टं काढायची संधी दारात चालत आली होती. त्यानं मास्तरांना त्यांच्या सीटवर नीट बसवलं, स्वतः गाडीच्या मागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मास्तरांच्याच आवाजात खेकसला, "पाय कुठंय तुझा?"

गॅरेजमधली सगळी माणसं हसली. मास्तरांनाही हसू आवरलं नाही.

"खाली बघायचं नाही हां!" मिस्त्री म्हणाला.

"मला सांगतोस?" मास्तरांनी छाती ताठ केली, नजर समोर भिंतीवर लावली. "मुद्दाम उचललाय. पेडलपासून वीतभर वर आहे. घे बघून."

 ठमी मिस्त्रीच्या शेजारी उभी होती. दोघांच्याही समोर म्हातारीचा लाल दिवा लख्ख जळत होता.

"बाबा, उचला ना पाय," ठमी म्हणाली.

"उचललाय म्हणतोय ना! किती वर उचलू? छताला लावू?"

दिवा जळतच होता. गॅरेजमधलं हसणं एकेक करून थांबलं. मिस्त्रीच्या कमरेवरचे हात कधी खाली आले ते त्यालाही कळलं नाही.  बाबा थापा मारत नव्हते. बाबा खरं तेच सांगत होते, आणि ते खरं नव्हतं.

ती पुढे गेली, दार उघडलं आणि खाली वाकली. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि गाडीत बसून खाली बघितलं. चप्पल पेडलवर होती. ते त्या चपलेकडे बघत राहिले. एखाद्या परक्याची चप्पल आपल्या दारात दिसावी तसे.

"ठमे," ते हळू आवाजात म्हणाले, "हा माझाच पाय आहे ना?"

तिनं चप्पल काढली. कुंड्यांवर पसरायची बारीक खडी असते, त्यातला एक टोकदार खडा चप्पल आणि टाचेच्या मध्ये रुतून बसला होता. टाचेला जखम झाली होती, जुनी, कडांनी काळी पडलेली. मास्तर त्या खड्यावर किती दिवस चालत होते कोण जाणे. मागच्या आठवड्यात ते एका ऑफिसमधून एकाच चपलेनं बाहेर आले होते, आणि बापलेक दोघं त्यावर पोट धरून हसले होते.  गाडीच्या प्रत्येक नटाला हात लावून झाला होता ठमीचा. बाबांच्या पायाला लावला नव्हता.

"दुखत नाही?" मिस्त्रीनं विचारलं.

"काहीच नाही," मास्तर म्हणाले. "दुखत नाही म्हणूनच तर कळलं नाही."

पेडल काढायचं तसंच सोडून ठमीनं बाबांना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचे डोळे मिटवून पायाच्या बोटांना एक बारीक तार टेकवली आणि "कळलं की सांगा" म्हणाल्या. त्या टेकवत राहिल्या, मास्तर वाट बघत राहिले. रक्तातली साखर बेसुमार वाढलेली निघाली. तिनं गुपचूप पायातली जाणीव खाल्ली होती. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, बाई म्हणाल्या. पण पाय वाचेल. "थोडं उशिरा आला असतात तर मी हे म्हणू शकले नसते. कुणाच्या लक्षात आलं?"

"गाडीच्या," ठमी म्हणाली. बाईंना वाटलं, मुलगी धक्क्यानं काहीतरी बरळते आहे.

जखम भरेपर्यंत मास्तर घरात होते. पुन्हा खिडकीत. जखम भरली, चपलेऐवजी मऊ बंद बूट आले, तरी ते उठेनात. नवऱ्यानं मालगाडीचा विषय आपणहून मिटवला होता. म्हातारीसाठी त्यानं नवे लायनरसुद्धा आणून दिले. मिस्त्रीनं ते बसवले आणि जास्तीचं पेडल काढलं. ते फेकायला त्याचा हात धजेना, म्हणून गॅरेजच्या भिंतीवर लावलं. आता फक्त सीट रिकामी होती.

"चला बाबा," ठमी एका सकाळी म्हणाली.

"मी नाही येत. ज्याला आपला पाय कुठंय हे सांगता येत नाही त्यानं गाडीत बसू नये. हा माझाच नियम आहे."

"तो नियम स्टिअरिंगवाल्याला. शेजारच्याला नाही."

"शेजारी बसून मी करू काय? मागे घेताना तुला अंदाज येतो, ठमे. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

 इतकी वर्षं आपण त्यांना फसवतोय या भ्रमात ठमी होती.

"मग आलात कशाला रोज?" तिनं विचारलं.

"तू बोलावलंस म्हणून."

"मग आत्ताही मीच बोलावतेय." तिनं त्यांचे बूट आणले, दोन्ही उपडे करून झटकले, आत हात घालून खडा नाही ना ते चाचपलं आणि त्यांच्या पायात घालायला खाली बसली. मास्तरांनी तिच्या डोक्याकडे बघितलं. मग त्यांनी पाय पुढे केला.

म्हातारी हलकी झाली होती, उतारावर तर नाचत होती. सगळं पूर्ववत झालं म्हणावं तर तसंही नाही. ब्रेक मारता येत नाही म्हणून मास्तर आता तोंडानं मारत होते. "ब्रेक! अगं ब्रेक! समोर बघ तो बैल कसा वळतोय!" गाडीचं अ‍ॅव्हरेज सुधारलं आणि ठमीचे कान गेले.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. गाडी थांबली.  मास्तरांची नजर समोर रस्त्यावर होती, नियमाप्रमाणे.

"ठमे," ते म्हणाले, "पाय कुठंय गं माझा?"

तिनं खाली बघितलं.

"खाली आहे, बाबा. सरळ आहे. बुटात आहे."

"बरं," मास्तर म्हणाले. "टाक मग पहिला गिअर. हिरवा झाला."